पाचचं ड्रिल

वाळूजला, तिसऱ्या पाळीत,
मुंजाजीकाका मशीनच्या दारावर तळहात ठेवून उभे राहायचे,
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा.
काचेआड कूलंटचा दुधी लोट, आतलं काही दिसायचं नाही.
"अजून वीस नग निघतील," म्हणायचे.
वीसच निघायचे.
एकविसाव्याच्या बोअरमध्ये रेघ.

मी आयटीआयतून आले तेव्हा
त्यांनी आधी लेथखालचं चिलपं हातात दिलं.
"हे बघ भामे,
धार ताजी असली की कडब्याचा रंग.
मग तांबूस.
जवसाच्या फुलावानी निळं झालं की समज कोपरा गेला,
इन्सर्ट फिरव.
चार कोपरे असतात त्याला. माणसाला कुठं इतके?"
मग स्वतःच हसले,
"असतात म्हणा. मी दहावीला तीनदा बसलो."

जूनमध्ये कंपनीत तपासणीचं शिबिर झालं.
बंद खोलीत कानांना डबडी लावून एकेकाला बसवलं,
आवाज आला की बटण दाबायचं.
काका बराच वेळ बसून होते, बटणावर अंगठा ठेवून.
बाहेरच्यांना वाटलं, यंत्र बिघडलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून एक खोकं आलं,
राखाडी, वहीएवढं.
स्पिंडल किती जोर घेतंय, तेवढं त्याला कळतं.
नव्या टूलने एक नग कापून दाखवायचा, तो त्याचा पहिला धडा.
मग एक रेघ वर: झिजलं.
तिच्याही वर दुसरी: तुटलं.
एक अगदी खाली: टूल जागेवर नाही.
रेघा कुठे मारायच्या, ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्या रात्री मशीन सतरा वेळा थांबलं.
कास्टिंगमध्ये कडक डाग लागला, थांबलं.
टँकरच्या पाण्याने कूलंट नासलं, थांबलं.
निसारभाई नगांचा हिशेब घेऊन आले,
"लईच भित्रं आहे हे."
मी वरच्या रेघा वर सरकवल्या, खालची खाली.
चारच्या सुमाराला ते गप्प झालं.
मलाही बरं वाटलं.

पावणेपाचला पाचचं ड्रिल तुटलं.
पाच मिलिमीटर. एवढ्या स्पिंडलला त्याचं ओझं ते काय?
उसाच्या ट्रकमधून एक टिपरू पडावं,
ड्रायव्हरला कळतं का?
टोक भोकातच अडकलं,
पडद्यावरची रेघ निवांत,
कोऱ्या पेपरावर नाव घालून बसलेल्या पोरासारखी.

मग त्याच भोकावर सहाचा टॅप उतरला.

तेव्हा खोकं ओरडलं. लाल दिवा, भोंगा.
टॅप गेला, होल्डर गेला, नग गेला.

काका दाराशीच होते.
आणि त्यांचा हात मी पाहिला होता,
टॅपच्या आधी,
चटका बसावा तसा उचलला गेलेला.

"काहून नाही थांबवलंत?"
ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. परत विचारलं.
"कान गेले म्हणून लिहून दिलंय डॉक्टरनं," म्हणाले,
"मला वाटलं, आता हातालाही भास व्हायलेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तंबाखूचा डबा आणून दिला.
आत अकरा वर्षांचे तुटके तुकडे,
कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेले,
ज्या दिवशी जे तुटलं त्याच तारखेच्या चौकोनात.
काहींवर पेन्सिलीने लिहिलेलं:
हात बधिरला. गुणगुण. दातात कळ.
एकावर नुसतं: मी झोपलो होतो.

पाचच्या ड्रिलला आता मी फक्त खालची रेघ ठेवलीय,
अगदी पोटाला चिकटून.
मोडलं की ओझं हलकं होतं, तेवढं तरी खोक्याला समजावं.
कधी समजतं.

काका दिवसपाळीला असतात, स्टोअरमध्ये.
पावणेपाचला मी दारापाशी जाते,
तळहात ठेवते, डोळे मिटते.
पत्रा कोमट लागतो.
अजून तरी तेवढंच.